आईचा उजवा गुडघा, तिचं डुलत चालणं आणि काठी नक्की कुठल्या हातात?

डोंबिवलीची_लेक:
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, आधीच माफी मागते. आई 64 वर्षांची, वजन 74 किलो, उजवा गुडघा गेली चार वर्षं दुखतोय. एक्सरे काढला तर डॉक्टर म्हणाले आतल्या बाजूची गादी झिजलीय, ऑपरेशन एवढ्यात नको, वजन कमी करा आणि फिजिओ करा. ते ठीकच. पण घरी वेगळाच गोंधळ चालू आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, सोसायटीत सात वर्षं नुसत्या मीटिंगा होतायत. आई रोज सकाळी बागेत चालायला जायची आणि आता चालते कशी तर बोटीसारखी डुलत, उजवा पाय टेकला की सगळं अंग उजवीकडे, आणि पावलं बाहेर फाकलेली, एकदम फेंगडी. मी मागून मोबाईलवर व्हिडिओ काढून तिला दाखवला आणि रोज ओरडते की सरळ चाल, पावलं समोर ठेव. ती चिडते. म्हणते तुझ्यासारखं सरळ चाललं की जास्त दुखतं. तिच्या चपला बघितल्या तर उजवीचा टाचेचा बाहेरचा कोपरा पार घासून तिरका झालाय, डावी बऱ्यापैकी शाबूत. भावाने फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकलाय त्यात कोणीतरी सांगतोय की पावलं आत वळवून चाला, गुडघेदुखी गायब. मावशी म्हणते चालणंच बंद कर, जेवढं चालशील तेवढा गुडघा झिजेल. आणि परवा काठी आणली तर आईने ती उजव्या हातात धरली कारण उजवा गुडघा दुखतो, आणि फिजिओच्या क्लिनिकमधली मुलगी म्हणाली डाव्या हातात धरा. उलटं कसं काय? आता मी कोणाचं ऐकू? चालण्याच्या पद्धतीने गुडघ्यावरचा भार खरंच बदलतो का की हे सगळं सांगण्यापुरतं?

सह्याद्री_भटक्या:
ताई, मावशींचं बरोबर आहे असं मला वाटतं. माझ्या काकूंच्या गुडघ्यातला, दोन हाडांमधला गॅप पूर्ण गेला होता, डॉक्टर म्हणाले ग्रीस संपलंय. बेअरिंग आहे शेवटी, जेवढं फिरवाल तेवढं झिजणार. चालणं कमी करा, तेलाने मालिश करा, जिना टाळा. बाकी चालण्याने भार किती बदलतो याचे लॅबमधले आकडे वगैरे आपल्या कामाचे नाहीत.

पाना_पक्कड:
भटक्या भाऊ, बेअरिंगची उपमा मी रोज वापरतो कारण माझा धंदाच तो आहे (पिंपरीत गाड्यांच्या सस्पेन्शनचं डिझाईन), पण गुडघ्याला ती पूर्ण लागू होत नाही. कूर्चेत, म्हणजे तुमचे डॉक्टर म्हणाले त्या गादीत, रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण होतं ते दाबलं-सोडलं-दाबलं-सोडलं असं होऊन, स्पंजमध्ये पाणी आत-बाहेर होतं तसं. पूर्ण बसून राहिलात तर तीही उपाशी आणि मांडीचा स्नायूही जातो. त्यामुळे चालणं बंद हा उपाय नाही. मी डॉक्टर नाही, वडिलांच्या गुडघ्यामुळे दोन वर्षं हेच वाचत बसलोय, तेवढ्या अधिकारावर लिहितो.

लेक ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर टायरमध्ये आहे. गाडीचं व्हील अलाइनमेंट बिघडलं की टायर सगळीकडून सारखा झिजत नाही, एका कडेने जातो. गुडघ्याला पण आतली आणि बाहेरची अशा दोन बाजू असतात. साध्या चालण्यात चांगल्या गुडघ्यात सुद्धा साधारण 60 ते 70 टक्के भार आतल्या बाजूवर येतो. का? माणूस एका पायावर असतो तेव्हा जमीन त्या पायाला खालून वर ढकलते, आणि त्या ढकलण्याची रेघ शरीराच्या मध्याकडे झुकलेली असते कारण आपलं धड तिकडे आहे. म्हणजे ती रेघ गुडघ्याच्या बरोबर मधून न जाता आतल्या बाजूने, काही सेंटिमीटर लांबून जाते. आता बल गुणिले अंतर म्हणजे मोमेंट. पाना जेवढा लांब तेवढा नट जास्त पिळला जातो, तसंच. हा मोमेंट गुडघा बाहेर ढकलतो आणि आतली बाजू चिमटीत धरल्यासारखी दाबतो. ज्यांचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात त्यांचा गुडघा त्या रेघेपासून अजून लांब, म्हणजे पाना अजून लांब, म्हणजे आतली गादी अजून दाबली, अजून झिजली की पाय अजून वाकडा. दुष्टचक्र. 2001 साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला त्यात पाय असे बाहेर वाकलेल्या लोकांची आतल्या बाजूची झीज दीड वर्षात वाढण्याची शक्यता जवळजवळ चौपट निघाली.

आता तुमच्या आईची गंमत बघा. उजवा पाय टेकला की ती अंग उजवीकडे टाकते. म्हणजे धड गुडघ्याच्या वर आणते, रेघ गुडघ्याजवळ सरकते, पाना आखूड होतो. तुम्ही ज्याला बोटीसारखं डुलणं म्हणता तो तिच्या शरीराने न शिकवता शोधलेला जुगाड आहे! लॅबमध्ये निरोगी लोकांना मुद्दाम असं 10 अंश डुलायला लावून मोजलं तर हा मोमेंट निम्म्याहून जास्त कमी झाला. सरळ चाललं की जास्त दुखतं असं आई म्हणते ते खोटं नाही म्हणायचं मला.

गुडघेवाली_फिजिओ:
पाना दादांनी निम्मं काम करून टाकलं, छान लिहिलंय. मी फिजिओ आहे, चौदा वर्षं झाली, दिवसाला असे चार-पाच गुडघे बघते, पण आईंना मी बघितलेलं नाही त्यामुळे हे उपचार म्हणून घेऊ नका, चर्चा म्हणून घ्या.

पहिलं म्हणजे ताई, ओरडणं बंद करा प्लीज. डुलणं आणि पावलं बाहेर, दोन्ही तुम्ही वाईट सवय म्हणून पकडलंत आणि दोन्ही बऱ्याच वेळा गुडघ्यानेच काढलेली पळवाट असते. दर पावलाला गुडघ्यावर दोनदा जोर येतो, एकदा पाय टेकल्यावर आणि दुसऱ्यांदा टाच उचलताना; पाऊल बाहेर फाकवलं की हा दुसरा कमी होतो. मात्र डुलणं फुकट मिळत नाही. दिवसभर तसं चाललं की कंबर धरते, दम लागतो, आणि कधीकधी ते गुडघ्यामुळे नसून खुब्याच्या बाजूचा स्नायू कमजोर झाल्यामुळे असतं. हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि व्हिडिओवरून तुम्हाला ते कळणार नाही, तपासावं लागतं. आपण सुधारायला जातो ते चालणं नाही, त्यामागचं कारण.

आता काठी. उजवा गुडघा तर काठी डाव्या हातात. शंभरातल्या नव्वद आज्या उलट धरतात, सिनेमात सुद्धा उलटच धरतात. उजव्या पायावर उभं असताना धड डावीकडे लोंबकळत असतं, बरोबर? डाव्या हातातली काठी त्या बाजूने वर रेटते, त्यामुळे उजव्या पायावरचं वजनही कमी होतं आणि दादा म्हणतात ती रेघही गुडघ्याकडे सरकते. दुहेरी फायदा. उजव्या हातात धरली की जोर बाहेरच्या बाजूने येतो, रेघ उलट आत ढकलली जाते, मोजून बघितलंय तेव्हा मोमेंट कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला सापडलाय. आणि काठी नुसती शोभेला टेकवायची नाही, थोडं वजन द्यायचं. काठी आणि उजवा पाय एकाच वेळी पुढे, मग डावा. उंची कशी बघायची तर चप्पल घालून सरळ उभं राहायचं, हात खाली सोडायचा, मनगटाची घडी जिथे येते तिथे काठीची मूठ. बहुतेक लोक काठी फारच उंच घेतात आणि खांदा दुखतो म्हणून दोन आठवड्यांत माळ्यावर टाकतात. खालचं रबरी बूच गुळगुळीत झालं की बदला, पंचवीस-तीस रुपयांत मिळतं, मार्बलवर जुनं बूच म्हणजे पडायची सोय.

आकडे आपल्या कामाचे नाहीत असं कोणीतरी वर लिहिलंय, तर थोडे सांगतेच. बर्लिनच्या शारिते हॉस्पिटलमध्ये काही पेशंटना बदललेल्या गुडघ्यातच भार मोजणारं यंत्र बसवलं होतं, बिनतारी, चालता-चालता आकडे बाहेर येतात. त्यात सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार, जिना चढताना तीन पटीच्या थोडा वर आणि उतरताना साधारण साडेतीन पट. चढण्यापेक्षा उतरणं वाईट, हे लोकांना खरंच वाटत नाही. म्हणजे तुमच्या आईचे 74 किलो उतरताना दर पायरीला अडीचशे किलोच्या घरात जातात. एवढं का तर मांडीचे स्नायू सांधा आवळून धरतात, त्यांची ओढ पण सांध्यावरच पडते. म्हणूनच घाबरून पाय कडक करून चालणारे पेशंट स्वतःच भार वाढवून घेतात.

वजन कमी करा हे डॉक्टरांचं वाक्य कंटाळवाणं आहे पण त्यामागचं गणित ऐका. 2005 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या लोकांनी मोजलं की एक किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो. आई दिवसाला चार हजार पावलं चालत असतील तर उजव्या पायाची दोन हजार. तीन किलो घटवले तर दर पावलाला बारा किलो. गुणाकार तुम्ही करा, मला झेपत नाही.

डोंबिवलीची_लेक:
बापरे, म्हणजे मी चार महिने आईला उगाच ओरडत होते. वाचून दाखवलं तर एवढंच म्हणाली, "मी सांगत होते". धन्यवाद दोघांनाही. पण तो पावलं आत वळवायचा व्हिडिओ? भाऊ तर म्हणतोय परदेशात मोठा रिसर्च झालाय त्यावर, आईने घरी सुरू करावं. तुम्ही म्हणता बाहेर फाकलेली पावलं पण गुडघ्याची पळवाट. मग आत की बाहेर?

पाना_पक्कड:
भाऊंचं पूर्ण चुकीचं नाही, पण व्हिडिओवाल्याने त्यातली खरी गोष्टच गाळलीय. रिसर्च झालाय हे खरं. 2025 मध्ये लॅन्सेट रूमॅटॉलॉजी या संधिवातावरच्या वैद्यकीय नियतकालिकात आला, 68 लोक होते, एक वर्ष. पण त्यांनी सगळ्यांना आत वळवायला सांगितलं नाही. प्रत्येकाला लॅबमध्ये ट्रेडमिलवर चालवून बघितलं की याचा भार आत वळवल्यावर कमी होतो की बाहेर वळवल्यावर, आणि 5 अंशात होतो की 10 अंशात, आणि प्रत्येकाला त्याचा त्याचा कोन दिला. नडगीवर एक व्हायब्रेट होणारा पट्टा बांधून तो कोन पायात बसवला, दर आठवड्याला येऊन सराव, असे सहा आठवडे. वर्षाच्या शेवटी दुखणं ठळक कमी झालं, कूर्चेची खराबी होण्याचा वेगही कमी दिसला. मुद्दा हा की चुकीच्या दिशेला वळवलं तर काहींचा भार वाढतो. ज्याच्या गाडीचं टो-इन (चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं) आधीच बरोबर आहे त्याचं अजून आत फिरवलं तर टायर जातोच ना.

गुडघेवाली_फिजिओ:
अगदी. आणि 64 वर्षांच्या बाईने पावलं आत वळवून बागेत चालायचं म्हणजे एक पाय दुसऱ्यात अडकून पडायची भीती वेगळी. 5 अंश म्हणजे किती माहितीये का, घड्याळातल्या मिनिटकाट्याच्या एका मिनिटापेक्षाही कमी. एवढंसं बाहेरून दिसत पण नाही. व्हिडिओतला माणूस बदकासारखा उलटा चालून दाखवतोय तो 30 अंश वळवतोय. करू नका. ज्यांना करायचंच असेल त्यांनी चालण्याची लॅब असलेल्या ठिकाणी मोजून घ्यावं, आपल्याकडे मोठ्या शहरांत थोड्या ठिकाणी आहे ही सोय.

एसटीचे_काका:
मी रिटायर कंडक्टर. बत्तीस वर्षं हलत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडली, दोन्ही गुडघे कामातून गेले. वय 69. फिजिओताई, तुमचं काठीचं अगदी खरं आहे पण एक गोष्ट कोणी लिहीत नाही ती म्हणजे लाज. मी दीड वर्ष काठी घेतली नाही कारण स्टँडवर सगळे ओळखीचे, काय म्हणतील. छत्री घेऊन फिरायचो, कडक उन्हाळ्यात पण. ती लांब दांड्याची छत्री तरी बरी, पण तिचं टोक फरशीवर सटकायचं आणि एकदा सटकलं ते थेट देवळाच्या पायरीवर. तेव्हा घेतली काठी. लेक ताई, तिसरा मजला आहे म्हणता म्हणून सांगतो, मला ज्या बाईंनी शिकवलं त्या म्हणायच्या स्वर्गात जाताना चांगला पाय आधी, नरकात जाताना वाईट पाय आधी. म्हणजे चढताना डावा पाय वर टाका मग उजवा त्याच पायरीवर आणा, उतरताना आधी काठी आणि उजवा खाली, मग डावा. कठडा असेल तर कठडा धरायचा, तो कुठल्याही बाजूला असला तरी. वेळ लागतो. मागचे लोक कुरकुर करतात. करू देत. आणि दिवसातून पाच वेळा खाली जायचं ते दोनदा करा, दूधवाल्याला वर यायला सांगा, भाजी दोरीने पिशवी सोडून घ्या. आमच्या चाळीत सगळे तेच करतात.

सह्याद्री_भटक्या:
बरं बाबा, बेअरिंग मागे घेतो 😄 पण चपलेचं काय? आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये एक जण म्हणतो अनवाणी चालणं गुडघ्याला सगळ्यात चांगलं, बूट हेच सगळ्या दुखण्याचं मूळ. गावाकडची माणसं अनवाणी चालायची त्यांचे गुडघे दुखायचे नाहीत म्हणे.

गुडघेवाली_फिजिओ:
गावाकडच्यांचे पण दुखायचे हो, फक्त ते दवाखान्यात जायचे नाहीत. पण तुमच्या मित्राच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. शिकागोत 2006 ला मोजलं होतं, अनवाणी चालताना नेहमीच्या बुटांपेक्षा तो मोमेंट साधारण 12 टक्के कमी. मग सगळे म्हणाले पातळ, लवचीक चपला चांगल्या. पुढे 2021 मध्ये मेलबर्न विद्यापीठाने 164 जणांना सहा महिने वापरायला देऊन बघितलं, अर्ध्यांना पातळ लवचीक बूट, अर्ध्यांना जाड भक्कम आधाराचे. दुखणं कोणाचं कमी झालं? भक्कमवाल्यांचं. चालताना दुखणं जाणवण्याइतकं कमी झालेले त्यांच्यात 58 टक्के, पातळवाल्यांत 40. म्हणजे लॅबमधला भार कमी झाला की दुखणं आपोआप कमी होतं असं सरळ नातं नाही. चपलेत बाहेरच्या कडेला पाचर घालतात ना, तिचं पण तेच, भार थोडा उतरतो पण दुखण्यात फारसा फरक सापडला नाही. आणि उलटही होतं, खुब्याचे व्यायाम देऊन बघितले तर भाराचा आकडा जागच्या जागी आणि पेशंटचं दुखणं मात्र कमी! म्हणून मी पेशंटला आकडे सांगते पण आकड्यांच्या मागे पळायला लावत नाही. पाना दादा चिडतील आता.

लेक ताई, ती घासलेली चप्पल मात्र आजच फेकून द्या. टाचेचा बाहेरचा कोपरा गेला की पाऊल बाहेर कलतं आणि गुडघा अजून बाहेर. घट्ट टाचेची, मागे पट्टा असलेली घ्या, अंगठ्याची सैल स्लिपर नको. आणि अजून एक, एक्सरे झोपून काढला होता की उभं राहून? झोपून काढला तर गॅप खरा दिसत नाही, वजन पडल्यावर किती उरतो ते महत्त्वाचं. गुडघा सुजला, गरम लागला, अडकला किंवा चालता-चालता एकदम दुमडला तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

पाना_पक्कड:
चिडत नाही ताई, हे मान्यच. टायरला दुखत नाही, इथेच माझी उपमा संपते. चालणं चालू ठेवायच्या बाजूने एक सांगतो फक्त: अमेरिकेतच पन्नाशीपुढच्या गुडघे झिजलेल्या लोकांना काही वर्षं बघितलं तेव्हा व्यायाम म्हणून चालणाऱ्यांत नव्याने रोजची गुडघेदुखी सुरू होण्याचं प्रमाण न चालणाऱ्यांपेक्षा कमी निघालं. ज्यांना वाटतं चालून झिजतो त्यांना हे दाखवायचं.

डोंबिवलीची_लेक:
तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी, मधे ऑफिसचं ऑडिट होतं. एक्सरे झोपूनच काढलेला निघाला, उभं राहून परत काढला, गॅप आधीपेक्षा कमी दिसला पण अजून आहे. आई जिथे व्यायामाला जाते तिथल्या फिजिओने तपासलं तर उजव्या खुब्याचा स्नायू खरंच कमजोर आहे, आडवं होऊन पाय बाजूला उचलायचा व्यायाम दिलाय, आणि खुर्चीतून हात न लावता उठबस दहा वेळा. काठीची उंची दोन भोकं खाली आणली. डाव्या हातात धरायला पहिले चार दिवस जमेना, काठी डावीकडे आणि पाय पण डावाच पुढे जायचा, मग मी पॅसेजमध्ये तिच्या बाजूला उभी राहून "काठी-उजवा, डावा, काठी-उजवा, डावा" असं बोलत राहिले तेव्हा पाचव्या दिवशी बसलं. काठी हातात असली की डुलणं बरंच कमी होतं, मी काही न बोलता. काठी नसली की परत बोट. बागेत आता चाळीसऐवजी वीस-वीस मिनिटं दोनदा चालते, मधे बाकावर. भावाने ग्रुपवर परत एक व्हिडिओ टाकला, यावेळी मेथीचे दाणे.

दुखणं गेलंय असं नाही, उतरताना अजून दुखतंच, पण रात्रीचं कमी झालंय म्हणते. वजन 74 वरून 73.2, त्यात कितपत खरं ते वजनकाट्यालाच माहीत. एसटीचे काका, दूधवाला वर यायला तयार झाला, महिन्याला पन्नास रुपये जास्त घेतो.

आणि काल बागेत आईने एका अनोळखी आजोबांना थांबवून त्यांची काठी या हातातून त्या हातात दिली. ते एवढे दचकले की माझीच पंचाईत झाली.

एसटीचे_काका:
पन्नास रुपये जास्तच आहेत, आमच्याकडे तीस घेतो. आजोबा चालले का मग नीट?

डोंबिवलीची_लेक:
चार पावलं डाव्या हाताने चालले, मग आई वळल्यावर परत उजव्या हातात घेतली. मी बघितलं, आईला सांगितलं नाही.